इम्पॅक्ट फॅक्टर, साइटस्कोअर, क्यू-वन : ग्रंथालयात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात प्राध्यापकांची ये-जा वाढते, ती पुस्तकांसाठी नव्हे. इम्पॅक्ट फॅक्टरचे नवे आकडे त्या महिन्यात येतात आणि कुणाची ना कुणाची प्लेसमेंटची, म्हणजे बढतीची, फाइल अर्धवट असतेच. तोंडी सांगून आणि व्हॉट्सॲपवर टाइप करून झालेली उत्तरं एकदाची इथे मांडली आहेत. सायटेशनला, म्हणजे एका लेखानं दुसऱ्या लेखाच्या दिलेल्या संदर्भाला, मराठीत उद्धरण म्हणतात हे मला ठाऊक आहे. पण "माझी उद्धरणं किती झाली हो?" असं आजवर एकानंही विचारलेलं नाही, म्हणून इथे सायटेशनच.

१. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे नेमकं काय?

एखाद्या जर्नलनं मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचा या वर्षी इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला, तो आकडा. हा आकडा जर्नलचा असतो. तुमच्या लेखाचा नसतो आणि तुमचा तर नाहीच. पुढचे निम्मे प्रश्न हा फरक विसरल्यामुळे येतात.

२. तो काढतात कसा? एखादं उदाहरण देऊन सांगाल का?

समजा एका जर्नलनं २०२२ मध्ये ६० आणि २०२३ मध्ये ६५ लेख छापले. एकूण १२५. या १२५ लेखांना २०२४ या एका वर्षात, यादीतल्या (ती कुणाची, ते प्रश्न ३ मध्ये) सगळ्या जर्नलांमधून मिळून, २५० सायटेशन्स आली. २५० भागिले १२५, म्हणजे २०२४चा इम्पॅक्ट फॅक्टर २.०. तो जाहीर होतो २०२५च्या जूनमध्ये. म्हणून "चालू वर्षाचा इम्पॅक्ट फॅक्टर द्या" म्हणणाऱ्याला मी जे देतो ते कायम गेल्या वर्षाचं असतं.

आता यातली मेख. भागाकारात खाली फक्त शोधनिबंध आणि समीक्षालेख (झालेल्या संशोधनाचा आढावा घेणारे लेख) मोजतात. संपादकीय, वाचकांची पत्रं, बातम्या खाली धरत नाहीत. पण कुणी त्या संपादकीयाचा किंवा पत्राचा संदर्भ दिला, तर तो वर मात्र मिळवला जातो. वरच्या उदाहरणात पत्रांना आणखी ३० सायटेशन्स आली असती तर आकडा २.० ऐवजी २.२ झाला असता आणि छापलेला एकही शोधनिबंध वाढला नसता. कुठला लेख "मोजण्याजोगा" हे ठरवण्यात किती फरक पडतो, याची कैफियत 'प्लॉस मेडिसिन'च्या संपादकांनीच २००६ मध्ये मांडली होती. त्यांच्या जर्नलचा आकडा, काय मोजायचं यावर, ३ पेक्षा कमीही निघू शकत होता आणि ११ पर्यंतही जाऊ शकत होता.

३. हे काढतं कोण? सरकारी असतं का?

नाही, खासगी कंपनी काढते. आज तिचं नाव क्लॅरिव्हेट. मूळ कल्पना फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफिल्ड यांची. १९५५ मध्ये त्यांनी 'सायन्स'मध्ये लेख लिहून सायटेशनची सूची करायची कल्पना मांडली आणि १९६०च्या दशकात त्यांच्या संस्थेनं ती सूची छापायला सुरुवात केली. हजारो जर्नलांतून सूचीत कुठली घ्यायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. इम्पॅक्ट फॅक्टर त्या निवडीसाठी जन्माला आला. पुढे ग्रंथालयांनी मर्यादित पैशांत कुठली वर्गणी भरावी यासाठी तो वापरला. थोडक्यात, हे आमचं, ग्रंथपालांचं हत्यार. ते निवड समितीच्या टेबलावर कसं पोचलं, याचं उत्तर माझ्याकडे मागू नका.

१९९२ मध्ये ही संस्था थॉमसननं (पुढची थॉमसन रॉयटर्स) घेतली आणि २०१६ मध्ये हा व्यवसाय क्लॅरिव्हेट नावानं वेगळा झाला. हे लक्षात ठेवायचं कारण प्रश्न ११ मध्ये आहे.

४. जर्नलच्या वेबसाइटवर "इम्पॅक्ट फॅक्टर ७.८३४" असं ठळक लिहिलंय. खरं समजायचं का?

बहुतेक वेळा नाही. एका सहकाऱ्यानं मला त्याच्या मोबाइलवर आलेला मेसेज दाखवला होता : पेपर पाठवा, ४८ तासांत प्रकाशन, इम्पॅक्ट फॅक्टर ७.८३४, फी १५०० रुपये, प्रमाणपत्र मोफत. सोबत नमुन्याचं प्रमाणपत्रही होतं. सोनेरी महिरप, कोपऱ्यात लाल शिक्का, वर तिरंगी पट्टी. लग्नपत्रिकेला शोभलं असतं.

पहिली खूण आकड्यातच आहे. २०२३च्या जूनपासून क्लॅरिव्हेट इम्पॅक्ट फॅक्टर एकाच दशांश स्थळापर्यंत देते. म्हणजे त्यानंतरचा म्हणून कुणी तीन दशांश स्थळं मिरवत असेल तर सावध व्हा. दुसरी खूण, नावाच्या आधी लागलेलं विशेषण. ग्लोबल इम्पॅक्ट फॅक्टर, युनिव्हर्सल इम्पॅक्ट फॅक्टर असल्या नावांचा क्लॅरिव्हेटशी काही संबंध नाही. तिसरी, वय. सहा महिन्यांपूर्वी निघालेल्या जर्नलला इम्पॅक्ट फॅक्टर असूच शकत नाही, कारण हिशोबाला मागची वर्षंच नाहीत.

खात्री करायची असेल तर क्लॅरिव्हेटची मास्टर जर्नल लिस्ट फुकट पाहता येते. तिथे आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक, टाका. जर्नल निघालं नाही तर विषय संपला. निघालं तर नेमका आकडा पाहायला जर्नल सायटेशन रिपोर्ट्सची वर्गणी लागते. ती महाविद्यालयाकडे नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा.

५. पण त्या जर्नलला आयएसएसएन आहे की!

आयएसएसएन हा ओळख क्रमांक आहे, गाडीच्या नंबर प्लेटसारखा. गाडी कशी चालते ते प्लेटवरून कळत नाही. शिवाय खोटी प्लेट लावून फिरणारेही असतात : चांगल्या, जुन्या, बहुधा फक्त छापील निघणाऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन उचलून हुबेहूब वेबसाइट उभी करतात आणि पैसे घेतात. नाव यादीत सापडलं तरी वेबसाइटचा पत्ता यादीतल्या नोंदीशी जुळतो का, हे बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

६. जर्नल स्कोपसमध्ये आहे. म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर असणारच ना?

असं काही नाही. स्कोपस हा एल्सव्हिअर कंपनीचा वेगळा डेटाबेस आहे आणि त्याचा आकडा वेगळा, साइटस्कोअर. पुष्कळ जर्नलं दोन्हीकडे असतात, पुष्कळ एकाचकडे.

साइटस्कोअर २०१६च्या डिसेंबरमध्ये आला आणि २०२० मध्ये त्याचा हिशोब बदलला. आता चार वर्षांतल्या लेखांना त्याच चार वर्षांत आलेली सायटेशन्स मोजतात. खिडकी मोठी, त्यामुळे एकाच जर्नलचा साइटस्कोअर बहुधा इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा मोठा दिसतो. काही प्रकाशक मोठा दिसणारा आकडाच वेबसाइटवर पुढे ठेवतात, त्यात खोटं काही नाही. पण फॉर्ममध्ये इम्पॅक्ट फॅक्टरच्या रकान्यात साइटस्कोअर भरला की पडताळणीत अडकतो. दरवर्षी दोन-तीन फाइली अशा परत येतात. साइटस्कोअरचा एक मोठा फायदा मात्र सांगायला हवा : तो वर्गणीशिवाय कुणालाही पाहता येतो.

७. क्यू-वन म्हणजे काय? आणि एकच जर्नल एकीकडे क्यू-वन, दुसरीकडे क्यू-थ्री कसं?

एका विषयातली सगळी जर्नलं आकड्यानुसार ओळीनं लावायची आणि ओळीचे चार भाग करायचे. वरचा पाव भाग क्यू-वन, तळाचा क्यू-फोर. त्यामुळे "क्यू-वन" एवढंच सांगणं अपुरं आहे. कुठल्या यादीत, कुठल्या विषयात, कुठल्या वर्षी, हे तिन्ही सांगावं लागतं.

पर्यावरण आणि सार्वजनिक आरोग्य अशा दोन विषयांत नोंद असलेलं जर्नल एका ओळीत वर आणि दुसऱ्या ओळीत मधे असू शकतं. त्यातून क्लॅरिव्हेटची ओळ वेगळी, स्कोपसची वेगळी आणि स्पेनच्या सायमॅगो गटाची, एसजेआर या आकड्यावर (तो पुढच्या प्रश्नात) आधारलेली तिसरी. सायमॅगोचं पान फुकट उघडतं आणि तो रंगीत चौकोन सगळ्यांना आवडतो, त्यामुळे आपल्याकडे "क्यू-वन" म्हणजे बहुतेकदा सायमॅगोचं क्यू-वन. विद्यापीठाला कुठलं हवं आहे ते आधी विचारा.

८. एसजेआर, स्निप, आयगनफॅक्टर… हे सगळं लक्षात ठेवायलाच हवं का?

नाही. एवढं पुरे : एसजेआरमध्ये सगळी सायटेशन्स सारख्या वजनाची नसतात, वजनदार जर्नलमधून आलेलं सायटेशन जास्त मोजतात. आयगनफॅक्टरची जातकुळी तीच, आणि त्यात जर्नलनं स्वतःलाच दिलेली सायटेशन्स वगळतात. स्निप नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातून आला. त्या विषयात सायटेशन देण्याची चाल किती सढळ आहे, ते बघून तो आकडा सावरून घेतो. पुढच्या प्रश्नात त्याची गरज कळेल.

९. गणित विभागाचे सर १.४च्या जर्नलमध्ये छापून पेढे वाटतात आणि बायोटेकच्या मॅडम ६ला "ठीक आहे" म्हणतात. कुणाचं बरोबर?

दोघांचंही. गणितातला निबंध मोजक्या संदर्भांत आटोपतो आणि त्याची दखल कधीकधी दहा वर्षांनी घेतली जाते. इम्पॅक्ट फॅक्टरची खिडकी दोन वर्षांची, त्यामुळे ती दखल मोजणीतच येत नाही. जीवशास्त्रात एकेका निबंधाला पन्नास-साठ संदर्भ असतात आणि तेही बहुतेक ताजे. गणितात सर्वोच्च मानलं जाणारं 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' सुद्धा आकड्यात जीवशास्त्राच्या कित्येक मध्यम जर्नलांच्या मागे दिसतं. दोन विषयांचे इम्पॅक्ट फॅक्टर शेजारी ठेवून तुलना करू नये. करावीच लागली तर स्निप बघा, किंवा क्लॅरिव्हेटनं २०२१ मध्ये आणलेला जर्नल सायटेशन इंडिकेटर, ज्यात त्या विषयाची सरासरी १ धरलेली असते.

१०. माझा पेपर १० इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलमध्ये आलाय. म्हणजे मला साधारण दहा सायटेशन्स मिळतील?

मिळतीलही, पण त्याहून कमी मिळण्याची शक्यता जास्त. सरासरीचा घोळ असा की वर्गात एक अब्जाधीश येऊन बसला की सगळा वर्ग सरासरीनं कोट्यधीश होतो. 'नेचर'चा २०१५चा इम्पॅक्ट फॅक्टर ३८.१ होता, पण त्या हिशोबातल्या सुमारे ७५ टक्के लेखांना ३८ पेक्षा कमी सायटेशन्स होती.

सगळ्यांत बोलका दाखला 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए' या स्फटिकशास्त्राच्या जर्नलचा. २००८ चा त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर २.०५१. २००९ चा ४९.९२६! त्या एका वर्षात स्फटिकशास्त्रात क्रांती झाली नव्हती. झालं ते असं : गटिंगेनच्या जॉर्ज शेल्ड्रिक यांनी शेलएक्स ही संगणक प्रणाली तयार केली होती आणि रेणूची रचना शोधणारे जगभरचे रसायनशास्त्रज्ञ ती वापरत. जानेवारी २००८ मध्ये त्यांनी तिचा इतिहास लिहिला आणि सारांशातच सुचवलं की ही प्रणाली वापरली तर या लेखाचा संदर्भ द्यावा. लोकांनी इमानेइतबारे दिला, हजारोंच्या संख्येनं. तो लेख दोन वर्षांच्या खिडकीतून बाहेर पडला आणि २०११ मध्ये जर्नल पुन्हा दोनच्या घरात आलं. मधल्या काळात त्याच जर्नलमध्ये छापून आलेल्या इतरांच्या बायोडेटावर ४९.९२६ लागला असेल, त्यांच्या लेखांत काडीचाही फरक पडलेला नसताना.

११. प्लेसमेंटला इम्पॅक्ट फॅक्टरचे गुण किती मिळतात?

यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीतल्या तक्त्याप्रमाणे प्रत्येक निबंधाला विज्ञान शाखांत ८ आणि भाषा-सामाजिक शास्त्रांत १० मूळ गुण. त्यात वाढ अशी : इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या रेफरीड (तज्ज्ञांकडून निबंध तपासून घेणाऱ्या) जर्नलला ५, १ पेक्षा कमी असेल तर १०, १ ते २ ला १५, २ ते ५ ला २०, ५ ते १० ला २५ आणि १० च्या वर ३०. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला एकूण गुणांच्या ७० टक्के. दोनपेक्षा जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. म्हणजे रसायनशास्त्रातला २.४ इम्पॅक्ट फॅक्टरचा निबंध ८ अधिक २०, असे २८ गुणांचा. दोघांनी लिहिला असेल तर प्रत्येकी १९.६.

गंमत म्हणजे या तक्त्यात इम्पॅक्ट फॅक्टर "थॉमसन रॉयटर्स यादीप्रमाणे" धरावा असं म्हटलं आहे. नियमावली २०१८ची, आणि ती यादी दोन वर्षांपूर्वीच क्लॅरिव्हेटकडे गेलेली. छाननीच्या टेबलावर कुणी "यात थॉमसन रॉयटर्स कुठे दिसत नाही" म्हणालं तर चिडू नका. नाव बदललंय, यादी तीच आहे, असं एका ओळीचं पत्र ग्रंथपालाच्या सहीनं जोडा.

तुमच्या अर्जाला कुठली नियमावली लागू होते, हे मात्र आस्थापना विभागाकडूनच पक्कं करून घ्या.

१२. आमच्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर बरोबर २.० आहे. १५ गुण धरायचे की २०?

तक्ता "१ आणि २च्या दरम्यान" आणि "२ आणि ५च्या दरम्यान" एवढंच म्हणतो. बरोबर दोनचं काय करायचं, ते लिहिलेलं नाही. आकडे तीन दशांश स्थळांत यायचे तेव्हा नेमका २.००० क्वचितच यायचा, म्हणून हा प्रश्न उठत नसे. आता १.९६ असो की २.०४, दिसतं २.० च. आमच्याकडे समितीनं अर्जदाराच्या बाजूनं, म्हणजे २० धरले. शेजारच्या महाविद्यालयात १५ धरले. तुमच्या आयक्यूएसीकडून (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडून) लेखी घ्या आणि ते पत्र फाइलला लावा.

१३. निबंध छापला तेव्हाचा आकडा धरायचा की अर्ज करतानाचा?

मी सांगतो ते एवढंच : छापून आल्या दिवशीच त्या वर्षीचा आकडा असलेल्या पानाची तारखेसह प्रिंट काढून ठेवा आणि पुढच्या जूनमध्ये आणखी एक. समिती कुठलाही मागो, तुमच्याकडे दोन्ही असतील. "तेव्हा वेबसाइटवर होता हो" याला छाननीत किंमत नाही.

१४. जर्नलं आकडा फुगवतात म्हणतात, ते कसं?

सर्वांत साधा मार्ग स्वीकारपत्रात दिसतो : "निबंध स्वीकारण्यायोग्य आहे, फक्त आमच्या जर्नलमधले अलीकडचे चार-पाच संदर्भ घालावेत." अलीकडचे का, ते प्रश्न २ वाचला असेल तर कळेल. आमच्या एका संशोधक विद्यार्थिनीला असं पत्र आलं. पाचांपैकी तीन संदर्भांचा तिच्या विषयाशी सुतराम संबंध नव्हता, तरी तिनं ते घातले, कारण प्रबंध सादर करायची तारीख जवळ आली होती. तिला दोष देववत नाही.

जर्नलनं स्वतःचे संदर्भ देणं मुळात गैर नाही. छोट्या विषयात दोन-तीनच जर्नलं असतात, मग लेखक दुसऱ्या कुणाचा संदर्भ देणार? प्रमाण सुटलं की क्लॅरिव्हेट त्या वर्षी आकडा रोखून ठेवते. यावर तोड म्हणून साटंलोटं निघालं, तू माझे संदर्भ दे, मी तुझे देतो. २०१३ मध्ये ब्राझीलची चार वैद्यकीय जर्नलं अशा देवाणघेवाणीत सापडली आणि त्यांचे आकडे रोखले गेले.

सरळ मार्गही आहेत. समीक्षालेखांना संदर्भ जास्त मिळतात, म्हणून ते जास्त छापायचे. कर्करोगावरच्या 'सीए' या अमेरिकन जर्नलचा २०२०चा इम्पॅक्ट फॅक्टर ५०८.७०२ होता. कारण दरवर्षी ते कर्करोगाची आकडेवारी छापतं आणि त्या विषयावर लिहिणारा जवळपास प्रत्येक जण पहिल्या परिच्छेदात तिचा संदर्भ देतो. यात लबाडी नाही, पण हा आकडा दुसऱ्या कुठल्या जर्नलच्या मापाला लावू नका.

१५. पेपर आला तेव्हा इम्पॅक्ट फॅक्टर होता, आता जर्नल यादीतूनच काढलंय. मी काय करू?

तुमचा निबंध नाहीसा होत नाही. छापला त्या वर्षी असलेला आकडा खोटा ठरत नाही. प्रिंट मात्र हवी, प्रश्न १३ पाहा. मार्च २०२३ मध्ये क्लॅरिव्हेटनं एकाच फटक्यात ५० च्या आसपास जर्नलं काढली, त्यात वर्षाला हजारो निबंध छापणारं पर्यावरण-आरोग्याचं एक मोठं जर्नलही होतं. त्या आठवड्यात माझा फोन थांबला नव्हता.

काढलं म्हणजे जर्नल बोगसच, असंही समजू नका. 'ईलाइफ'नं निबंध स्वीकारायचा-नाकारायचा शिक्काच बंद करून परीक्षकांची मतं निबंधासोबत छापायला सुरुवात केली. ती पद्धत क्लॅरिव्हेटच्या निकषांत बसेना, म्हणून त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर गेला. जीवशास्त्रात आजही त्या जर्नलला मान आहे.

१६. यूजीसी-केअर यादीत नाव आहे की नाही, ते कुठे बघायचं?

मान्य जर्नलांची ती यादी बंद झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं तसं जाहीर केलं. आता जर्नल कसं पारखायचं यासाठी सुचवलेले निकष आहेत आणि ठरवायचं संस्थांनी.

या यादीचा पुण्याशी जवळचा संबंध. २०१७ मध्ये यूजीसीनं मान्य जर्नलांची जी यादी काढली, तिच्यात विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांची सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासगटानं छाननी केली. ती २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आली. तपासलेल्या १,००९ जर्नलांपैकी फक्त ११२ निकषांना उतरली. बाकीच्यांत संपादकांचा पत्ता नाही, आयएसएसएन चुकीचा, इम्पॅक्ट फॅक्टरचे खोटे दावे, असा सगळा बाजार. त्याच वर्षी यूजीसीनं ४,३०५ जर्नलं यादीतून काढली, पुढच्या वर्षी केअर यादी आली आणि तिचं काम पुणे विद्यापीठातूनच चाले. आज कुणी "केअर लिस्टेड" म्हणून नव्यानं पैसे मागत असेल, तर तो बंद पडलेल्या दुकानाची पावती फाडतोय.

१७. मी मराठीत लिहिते. मला इम्पॅक्ट फॅक्टर कुठून मिळणार?

मिळणार नाही. वाईहून निघणारं 'नवभारत' असो की 'भाषा आणि जीवन', क्लॅरिव्हेटच्या हिशोबात ही नियतकालिकं नाहीतच. कारण दर्जाचं नाही, मोजणाऱ्याच्या नजरेचं आहे. या सूच्या प्रामुख्यानं इंग्रजी जर्नलांचे संदर्भ वाचतात. मराठी लेखाला दुसऱ्या मराठी लेखानं दिलेला संदर्भ, किंवा एखाद्या पुस्तकाच्या टीपेतला, त्यांच्या कानावर जातच नाही. भाषा आणि इतिहासात तर निम्मा संवाद पुस्तकांतूनच चालतो.

प्रश्न ११ मधला तक्ता मात्र तुमच्याही निबंधाला १० मूळ गुण देतो आणि रेफरीड असेल तर वर ५. मराठी नियतकालिकाकडे परीक्षणाची पद्धत असेल तर संपादकांकडून तसं पत्र मागून घ्या. इम्पॅक्ट फॅक्टर मिळावा म्हणून मराठी लेखाचं घाईघाईनं इंग्रजी करून प्रश्न ४ मधल्या सोनेरी महिरपीवाल्यांकडे जाऊ नका. गेल्या वर्षी एक मॅडम गेल्या होत्या. अकराव्या शतकातल्या शिलालेखावरचा त्यांचा लेख 'इंजिनिअरिंग अँड मॅनेजमेंट'च्या अंकात आला.

१८. एच-इंडेक्स जर्नलचा असतो की माणसाचा?

मूळचा माणसाचा. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो सुचवला : किमान १२ सायटेशन्स असलेले तुमचे १२ निबंध असतील, पण १३ वाले १३ नसतील, तर तुमचा एच-इंडेक्स १२. गूगल स्कॉलर तोच हिशोब जर्नलला मागच्या पाच वर्षांपुरता लावतं, त्याला एच-फाइव्ह म्हणतात. गूगल स्कॉलर प्रबंध, परिषदांचे अंक, वेबसाइटवर टाकलेल्या पीडीएफ, सगळं मोजतं, त्यामुळे तुमचा तिथला आकडा स्कोपसपेक्षा बहुधा मोठाच दिसेल. फॉर्ममध्ये आकड्याशेजारी "गूगल स्कॉलरनुसार" किंवा "स्कोपसनुसार" आणि तारीख लिहा.

१९. डोरा काय आहे? आमच्या संस्थेनं सही केली तर इम्पॅक्ट फॅक्टर द्यावा लागणार नाही का?

सॅन फ्रान्सिस्कोत २०१२च्या डिसेंबरमध्ये संपादक आणि प्रकाशक जमले आणि २०१३ मध्ये जाहीरनामा निघाला, तोच डोरा : माणसाची नेमणूक, बढती किंवा अनुदान ठरवताना जर्नलचा आकडा वापरू नये, निबंध वाचावा. सही करणाऱ्या संस्था जगभर आहेत. पण तुमच्या फाइलची छाननी ज्या नियमावलीनं होते तिच्यात तो रकाना असेपर्यंत, संस्थेची सही असली तरी तो भरावाच लागेल. येताना आयएसएसएन आणि निबंधाची पहिली दोन पानं घेऊन या. दुपारी तीननंतर मी काउंटरवर असतो.